सोडलं की थांबलं पाहिजे

माझ्या सासऱ्यांना भंगारात पडलेलं यंत्र बघवत नाही. रस्त्यावर भिजणारं कुत्र्याचं पिल्लू दिसलं की काही माणसांचा जीव कळवळतो, तसा आबांचा जीव गंजलेल्या मोटारीसाठी कळवळतो. एकदा त्यांनी मिक्सरची मोटार जात्याला जोडली होती. जातं फिरलं, नाही असं नाही. पण अशा वेगानं फिरलं की नाचणीचं पीठ भिंतीवर, छपरावर आणि आबांच्या भुवयांवर सारखंच बसलं. सासूबाईंनी ते जातं त्याच दिवशी मोटारीपासून सोडवलं. आबा म्हणाले, "तत्त्व बरोबर हाय. येग जास्ती झाला."

तत्त्व बरोबर आणि वेग जास्ती, असा त्यांचा एकंदर कारभार.

आमचं घर दहिवली ओलांडून आत डोंगराच्या बाजूला आहे. मी रोज कंपनीच्या बसनं रसायनीला जाते. तिथल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात मी काम करते, म्हणजे टाकीत किती भरलं, पाइपात किती तापलं, काय झालं की काय आपोआप बंद पडलं पाहिजे, हे बघायचं काम. नवरा टेंपो चालवतो. शेती सासू-सासऱ्यांच्या हातात आहे. भात, दोन म्हशी, थोड्या शेळ्या, आणि गोठ्यावरचा माळा. भात झोडून झालं की पेंढा या माळ्यावर चढवायचा. खालून एकानं भारा फेकायचा, वरून दुसऱ्यानं झेलायचा. पूर्वी आई, म्हणजे सासूबाई, फेकायच्या आणि आबा झेलायचे. मग आईंचा खांदा दुखायला लागला. आबा फेकायला लागले, तर भारा अर्ध्यावर जाऊन त्यांच्याच डोक्यावर परत यायला लागला.

अशात एक दिवस नवऱ्याच्या टेंपोतून एक जड, काळं, तेलकट यंत्र घरी आलं. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून भंगारात निघालेलं. मोटार, तिला एक रीळ, रिळावर गुंडाळलेली तारेची दोरी आणि दोरीच्या टोकाला मुठीएवढा हूक. वजन वर ओढणारं यंत्र. भंगारवाल्यानं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं, पण आईंनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि नाव ठेवलं 'उचल्या'. आबांना ते लागलं. उचल्या म्हणजे चोर. पण नाव बसलं ते बसलंच.

उचल्याला बटणं नव्हती. भंगारवाल्यानं केबल मुळापासून कापलेली. आबांनी आढ्याखालच्या लोखंडी पाइपाला यंत्र टांगलं आणि गोठ्याच्या खांबावर पंपाच्या जुन्या पेटीतला एक फिरवायचा स्विच ठोकला. मूठ मधे असली की बंद. एका बाजूला फिरवली की भारा वर, दुसऱ्या बाजूला फिरवली की खाली. फिरवाल तिथे मूठ मुकाट्यानं राहायची. पंपाला ते बरोबर आहे. पंप चालू करून माणूस जेवायला जातो.

आईंना डावं-उजवं असलं काही सांगितलेलं चालत नाही. त्यांनी आपली खूण केली. "चुलीकडं फिरवला की खाली, दाराकडं फिरवला की वर." गोठ्याला लागूनच पाणी तापवायची चूल आहे, आणि समोर दार. आबांनी मान डोलावली.

पहिल्या दिवशी अर्धा गाव जमला. भारे वर गेले, भाताची पोती वर गेली, मग कोणाच्या तरी आग्रहावरून पाटीत बसवून एक शेळी वर गेली. शेळीनं वरून सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि माळ्याच्या कडेचा पेंढा खायला सुरुवात केली. तिला खाली आणताना जास्त त्रास झाला. आबा त्या दिवशी जेवायला बसले तेव्हा भाकरी मोडतानाही त्यांचा हात वर-खाली असा यंत्रासारखा चालत होता.

मी म्हटलं, "आबा, हे सोडलं तरी थांबत नाही."

"सोडायचं कशाला? बंद करायचं."

"आणि बंद करायला कुणी जवळ नसेल तर?"

"जवळ नसंल तर चालू कोन करंल?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण आबांना तेव्हा कान नव्हते. नवरा म्हणाला, "राहू दे गं, शेळीसुद्धा खूश आहे."

काही दिवसांनी म्हशीला त्या खांबाचा शोध लागला. तिथे मान घासली की स्विचच्या पेटीच्या कडेनं खाज छान भागते, हे तिला कळलं. पेटी डगमगायला लागली. म्हैस दोरीनं बांधलेली, ती काही जागा बदलणार नाही. म्हणून आबांनी स्विचच समोरच्या खांबावर हलवला. नवीन खांबावर तो आधीपेक्षा मजबूत बसवला, वरून प्लॅस्टिकचा कागद लावला आणि हात झटकले.

त्या दुपारी मी बसमधून उतरून, स्कूटीवरून घरी आले तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. गोठ्यातून मात्र भांडणाचा आवाज येत होता. भांडण नेहमीचंच, पण एक आवाज जमिनीवरून येत होता आणि दुसरा बराच वरून.

मी आत गेले. आबा हवेत होते.

पेंढ्याच्या भाऱ्याला पोटाशी कवटाळून, तोंड खाली करून, ते माळ्याच्या कडेला समांतर लटकत होते. कोयता अडकवायला कमरेला मागे जी लाकडी आकडी बांधतात, ती आमच्याकडे आबा सकाळी बांधतात ती झोपतानाच सोडतात. भाऱ्याला दोरीचा फास घालताना ते भाऱ्यावरच चढले होते. ती आकडी उचल्याच्या हुकात गेली, आणि भाऱ्याबरोबर आबाही उचलले गेले. कोयता खाली पडला होता, तो एका भाऱ्यात रुतून उभा होता.

"सूनबाई आली का?" वरून प्रश्न आला.

"आली, पन तुमी हलू नका!" आई खालून ओरडल्या.

"मी कुटं हलतोय? मला हलवलं कोनी ते इचार तिला!"

"मी तुमाला खाली आनत व्हते!"

"ह्याला खाली म्हंत्यात?"

आई स्विचपासून लांब, दोन्ही हात मागे बांधून उभ्या होत्या. हात लावायची बंदी झाली असावी. मी विचारलं, "आई, काय झालं?"

"ह्यांनी वरडून सांगितलं, माझं अडाकलंय, भारा खाली घे. मी चुलीकडं फिरवला. तर हे वर निघाले. मंग मी आनखी जोरात चुलीकडं फिरवला. तर हे आनखी वर."

"आणि मग थांबलं कसं?"

"लाईट गेली."

मी वर बघितलं. आबांच्या पाठीपासून आढ्याच्या पाइपापर्यंत हातभर जागा उरली होती. मग स्विचकडे बघितलं. मूठ अजून चुलीकडेच होती, म्हणजे वर नेण्याच्या बाजूला, चालू. लाईट आली असती की उचल्यानं अर्धवट राहिलेलं काम इमानदारीनं पुरं केलं असतं.

"त्याला हात लावू नको गं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता. "बंद कुटं हाय ते तिला नाय ठावं, आन मला हितून दिसत नाय."

मी स्विचकडे गेलेच नाही. पळत ओटीवर गेले, मीटरच्या खालचा मेन पाडला आणि वर दोन्ही फ्यूज ओढून काढले. ते हातात घेऊनच परत आले.

"आबा, फ्यूज काढले. आता काही होणार नाही."

"दाव."

मी दोन्ही फ्यूज वर धरून दाखवले. कारखान्यात आम्ही हेच करतो. यंत्रात हात घालायच्या आधी वीज तोडायची आणि तिची किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. आबांनी मान वाकडी करून दोन्ही फ्यूज नीट बघितले.

"बरं," ते म्हणाले. "आता काडा मला."

शिडीनं मी माळ्यावर चढले. आंबे काढायची आकडीची काठी वरच होती. तिनं भाऱ्याची दोरी ओढून आबांना कडेपर्यंत आणलं, त्यांनी माळ्याची फळी पकडली, मी मागून कमरेची दोरी विळ्यानं कापली आणि आबा धपकन पेंढ्यात पडले. भाऱ्याला मोकळं वाटलं असावं, तो एकटाच गोल गोल फिरत राहिला.

आबा पेंढ्यात पडून श्वास घेत होते. एवढ्यात रस्त्यापलीकडची भाताची गिरण घरघरायला लागली.

लाईट आली होती. आमच्या घरी नाही, कारण आमचे फ्यूज माझ्या ओढणीच्या गाठीत होते. पण आली होती. आम्ही तिघंही ती घरघर ऐकत राहिलो. आबांनी एकदा वरच्या पाइपाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मला जरा हितंच पडू दे."

ते चहा होईपर्यंत खाली आले नाहीत.

चहाबरोबर खटला सुरू झाला. कमरेला निळा वळ उठला होता, त्यावर हळद लावून घेत आबा म्हणाले, "चूक तुजी. उलटा फिरवलास."

"मी चुलीकडं फिरवला. चूल हलली का?"

"चूल नाय हलली. खांब हलला."

"मंग मला कोन सांगनार? खांब?"

खरंच होतं. समोरासमोरच्या खांबांवर स्विच फिरवून लावला, की चुलीकडची बाजू ती दाराकडची होते. आबांच्या डोक्यात यंत्र होतं, ते तेच राहिलं. आईंच्या डोक्यात चूल होती, तीही तिथेच राहिली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि मधल्या मधे एक माणूस आढ्याला लागायचा राहिला होता.

"भंगारात परत द्या तो उचल्या," आई म्हणाल्या.

"आन भारे कोन फेकनार? तुजा खांदा?"

या प्रश्नावर दोघांनीही माझ्याकडे बघितलं. म्हणून मी म्हटलं, रविवारी मी बघते.

रविवारी मी दहिवलीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सामान आणलं. आबांचा स्विच काढला. त्याऐवजी एक लटकती पेटी केली, तिच्यावर दोन बटणं. दाबून धरलं तरच यंत्र चालणार, बोट उचललं की थांबणार. लाईट जाऊन परत आली तरी, बटणावर बोट नसेल तर यंत्र जागचं हलणार नाही. शिवाय एक मोठं लाल बटण, अळंबीच्या टोपीसारखं. काहीही झालं की त्याच्यावर थाप मारायची, सगळं बंद. आणि वर, पाइपाच्या खाली, एक छोटी कळ बसवली. हूक तिथपर्यंत पोचला की त्या कळीला धक्का लागणार आणि वर जाणं आपोआप बंद होणार, खालून कोणी कितीही दाबलं तरी.

आबा शिडी धरून उभे होते. बारा नंबरचा पाना मागितला की दहाचा द्यायचे, दहाचा मागितला की पक्कड. त्यांच्या स्विचचा अपमान झाला होता. शेवटी मी बटणांखाली रंगानं 'वर' आणि 'खाली' लिहिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

चार-पाच दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी मी घरी आले, तर भारा ऐटीत वर चालला होता आणि आई कमरेवर दोन्ही हात ठेवून त्याच्या बरोबर खाली उभ्या होत्या. पेटी बाजूला एकटीच लटकत होती.

"आई! बटण कोणी दाबलंय?"

"रबरानं."

मी जवळ जाऊन पाहिलं. माझ्याच केसांचं रबर, जाड काळं, पेटीला दोन वेढे देऊन 'वर'च्या बटणावर बसवलेलं. वर गेलेला भारा माझ्या त्या छोट्या कळीला लागला आणि खटकन थांबला. आईंनी कौतुकानं वर बघितलं. "बग, आपोआप थांबतंय. मंग दाबत कशाला बसायचं?"

मी चिडले. खूप चिडले. सोडलं की थांबलं पाहिजे, म्हणून तर एवढा खटाटोप केला होता, आणि यांनी त्यालाच बांधून टाकलं. मी म्हटलं, "आई, परवा आबा वर गेले होते ते विसरलात?"

"विसरन कशी? पन अंगठा माजा हाय ना? तुजं बटन दगडावानी कडक. एक भारा वर जाईस्तवर अंगठ्याला मुंग्या येत्यात. आन ती दोन बटनं, जुळ्या भावांवानी. शेनाच्या हातानं तुजी अक्षरं गेली पुसून. मी वर भारा बगू, का खाली बटन बगू?"

मी रबर काढून केसांना लावलं आणि घरात गेले. पण जेवण झाल्यावर गुपचूप परत आले आणि एक रिकामी पाटी बटण दाबून सबंध वर नेली. मग खाली आणली. मग परत वर. तिसऱ्या खेपेला मीच अंगठा बदलून दुसऱ्या हाताचा लावला. दुकानदारानं दिलं ते बटण मी बसवलं होतं, ते तासातून एकदा दाबायचं बटण होतं. दिवसभर धरून ठेवायचं नव्हे. बांधून ठेवावंसं वाटेल असं बटण केलं तर कोणीतरी ते बांधणारच, आणि रबरं आमच्या घरात भरपूर आहेत.

मागून आबांचा आवाज आला. "दुकतं ना?"

ते गोठ्याच्या दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"दुखतं," मी म्हटलं.

ते आत आले, म्हशीच्या पाठीवर हात टेकला आणि बरेच दिवस पोटात धरलेलं बोलले. "वर न्यायचं तर हात वर. खाली आनायचं तर हात खाली. ह्यात वाचायचं काय हाय?"

त्यांनी हवेत दांडा धरल्यासारखा हात वर केला, मग खाली. "असा दांडा. सगळ्या हातानं धरायचा. अंगठ्याचं काम नाय."

"पण आबा, दांडा सोडला की आपोआप मधे आला पाहिजे. आणि मधे म्हणजे बंद."

"त्ये तू बग. दांडा मी बगतो."

पुढचे काही दिवस आमच्या घरात दुसरं काही झालं नाही. आबांनी जुन्या सायकलच्या हँडलचा तुकडा कापून दांडा केला, मुठीला तिचंच रबरी कव्हर. मी दोन मऊ स्प्रिंगा शोधल्या, एक वरून, एक खालून, म्हणजे हात सुटला की दांडा मधे. पहिल्या स्प्रिंगा फारच मऊ निघाल्या, दांडा आपल्याच वजनानं खाली झुकायचा आणि उचल्या हळूच हूक खाली सोडायचा, एखादा चोर खिडकीतून दोरी सोडतो तसा. दुसऱ्या इतक्या कडक की आबाच दांड्याला लोंबकळले. तिसऱ्या जमल्या. आईंना बोलावून, डोळे मिटायला सांगून, हातात दांडा दिला. "वर न्या." त्यांनी वर नेलं. "खाली." खाली. "थांबवा." त्यांनी हात काढून घेतला आणि डोळे उघडून विचारलं, "यवडंच? मंग आदी का नाय केलंत?"

आबांनी आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पेटी आम्ही आता लटकती ठेवली नाही; लाल बटणही भिंतीवर, दांड्याच्या शेजारी आलं. दांडा भिंतीला असा बसवला, की तो धरणाऱ्याला भारा पूर्ण दिसेल, पण भाऱ्याखाली उभं राहून दांड्याला हात पोचणार नाही. आबांनी आधी जमिनीवर चुन्याची रेघ मारून बघितली होती. कोंबड्यांनी ती पहिल्या दिवशी विस्कटली आणि आईंनी दुसऱ्या दिवशी सारवून टाकली. भिंत मात्र कोणाला सारवता आली नाही.

आता झालं, असं वाटलं. तर शेणाची पाटी उचलायला आई दांड्याजवळ वाकल्या, पाटी घेऊन सरळ झाल्या, आणि पदर दांड्यात अडकून दांडा त्यांच्याबरोबर वर झाला. रिकामा हूक निघाला वर. आई पाटी डोक्यावर धरून त्याच्याकडे बघत उभ्या.

"कोन चालवतंय गं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच चालवताय, आई!"

"मी? माज्या हातात तर शेन हाय!"

हूक वरच्या कळीला लागून थांबला. मी पदर सोडवला, दांडा मधे आला. हसून हसून मला खाली बसावं लागलं, पण आबा हसले नाहीत. ते दांड्यासमोर उभे राहून कमरेचा वळ चोळत होते. वळ तोपर्यंत पिवळा पडला होता. "आज हूक रिकामा व्हता," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी तेलाच्या मोठ्या डब्याला एका बाजूनं गोल भोक पाडून, कडा आत दुमडून, तो डबा दांड्यावर टोपीसारखा बसवला. हात मुद्दाम आत घातला तरच दांडा सापडणार. पदर, म्हशीची शेपटी आणि खांद्यावरची दोरी बाहेर.

या सगळ्याचा आबांवर परिणाम असा झाला, की ते गावातल्या यंत्रांचे फौजदार झाले. कोणाकडे कडबा कापायचं यंत्र दिसलं, की आधी 'बंदचं बटन कुटं?' आणि मग 'लाईट जाऊन आली तर?' खालापूरकडे माझ्या नणंदेच्या घरी जेवायला गेलो, तर तिथे ट्रॅक्टरच्या पुढे लावलेला माती उचलायचा पंजा होता. पाहुणे ताटावर बसलेले आणि आबा ट्रॅक्टरच्या सीटवर. पंज्याचा दांडा सोडून सोडून बघत होते. तो मधे येत होता, म्हणून जेवायला आले. परत निघताना नणंदेला म्हणाले, "तुजा मिक्सर नीट नाय. एकदा फिरवला की फिरतोच." आई म्हणाल्या, "तुमी बी तसंच."

खरी परीक्षा अजून व्हायची होती. ती मीच ठरवली. आमच्याकडे भात झोडायला आणि पेंढा चढवायला डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून एक बाई येते. आईंच्या वयाची, कामाला चपळ, बोलायला त्याहून चपळ. उचल्या तिनं कधी बघितला नव्हता. मी आई-आबांना सांगून ठेवलं, तिला काही म्हणजे काही सांगायचं नाही. मी मुद्दाम सुट्टी घेतली होती आणि लाल बटणापाशी, लागलीच तर थाप मारायला, उभी होते.

"काहीच नाय?" आईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"वर, खाली, यवडं तरी?"

"आई."

त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. आबा माळ्यावर, भारा घ्यायला. मी बाईला म्हटलं, "हे यंत्र भारा वर नेतं. तुम्ही न्या बघू."

तिनं हुकाकडे बघितलं, माळ्यावरच्या आबांकडे बघितलं, भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं. फास घालून भारा हुकाला लावला, कडेला आली. डब्याच्या भोकात डोकावली, साप-विंचू नाही ना याची खात्री केली आणि हात आत घातला. तोंडात पदर असूनही आईंच्या तोंडून एक हुंकार निघाला. बाईनं हात वर केला. भारा उठला. तिच्या चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही, जणू भारे आयुष्यभर असेच उडत आले होते.

भारा अर्ध्यावर गेला आणि तिचा फोन वाजला.

मी लाल बटणाकडे हात नेला. तिनं हात डब्यातून काढला, कमरेची पिशवी सोडली, फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ करून बोलायला लागली. लेकीचा फोन होता. शेळी व्यायली होती, दोन पिल्लं, एक दूध ओढत नव्हतं. मग पिल्लाचा रंग, मग त्याला बोटानं दूध कसं चाटवायचं, मग जावयाची चौकशी. भारा हवेत जसा थांबला होता तसा थांबलेला. एक काडीही हलत नव्हती. आबा माळ्याच्या कडेला हात पुढे करून बसले होते, एकदा भाऱ्याकडे, एकदा तिच्या पाठीकडे बघत. शेवटी त्यांनी हात मागे घेतले आणि सुपारी कातरायला घेतली. आईंनी पदर तोंडातून काढला, माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "बोल म्हनावं सावकाश."

तिचं बोलणं झालं. फोन पिशवीत गेला. हात डब्यात गेला, भारा वर गेला, आबांनी ओढून घेतला. तिनं रिकामा हूक खाली आणला आणि हात बाहेर काढताना तोंड वाकडं केलं.

"कसं वाटलं?" माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बरं हाय," ती म्हणाली. "पन ह्या भोकाला कोनी बांगड्या घातल्याली बाई दावली नव्हती का? आत जाताना जातोय हात, भाईर येताना बांगड्या अडाकतात. माजी एक आताच पिचकली."

तिनं हात पुढे करून तुटलेली हिरवी काच दाखवली. आईंनी आपलं मनगट बघितलं. त्यांच्या त्या हातात सोन्याच्या दोनच बांगड्या, त्या कोपराकडे सरकवून काम करायची त्यांची सवय, म्हणून आम्हाला हे कळलंच नव्हतं. माझ्या हातात तर घड्याळाशिवाय काही नसतं.

आबा एव्हाना शिडीवरून निम्मे खाली आले होते. "किती मोटं पायजे?" त्यांनी विचारलं.

बाईनं दोन्ही हातांनी हवेत माप दाखवलं. आबा पत्रा कापायची कात्री शोधायला घरात गेले, आणि आई त्यांच्या मागोमाग ओरडत गेल्या, की माझ्या शिवणाच्या कात्रीला हात लावलात तर बघा.